जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि इंटरनेटविना अभ्यास : सहा महिन्यांच्या वापरानंतर

परळच्या आमच्या चाळीतील घरात इंटरनेट म्हणजे मोबाइलचा दररोजचा दीड जीबी डेटा. तो संध्याकाळी आठच्या सुमारास, नेमक्या अभ्यासाच्या वेळी संपतो. घरातला दहा-बारा वर्षांचा, ४ जीबी रॅमचा लॅपटॉपही अडचणीत होता, कारण विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप त्यात नव्हती. लॅपटॉप भंगारात देण्याऐवजी मी त्यात एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवून घेतली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या मोफत कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली. तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. तो आता पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतो. पहिल्या दिवशी वायफाय चालले नाही, तेव्हा फोन यूएसबीने जोडून मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) उतरवून घ्यावा लागला.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो किविक्स या, विकिपीडियासारखी संकेतस्थळे इंटरनेटविना वाचण्याच्या मोफत सॉफ्टवेअरचा. संपूर्ण मराठी विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये (किविक्स उघडते त्या प्रकारच्या फाइलमध्ये) उतरवून घेतला की तो इंटरनेटशिवाय वाचता येतो, त्यात शोधही घेता येतो आणि किविक्समधूनच स्थानिक सर्व्हर सुरू केला की त्याच वायफायवरील फोनच्या ब्राउझरमध्ये तीच पाने उघडतात. अकरावीतील माझी मुलगी आणि शेजारची दोन मुले एकाच वेळी असे वाचतात, आणि त्यात डेटाचा एक कणही खर्च होत नाही. मराठीतील अनेक विज्ञानविषयक लेख अजून त्रोटक आहेत, म्हणून इंग्रजीची निवडक झिम फाइलही सोबत ठेवावी लागते. ही उणीव आपण मराठी लिहिणाऱ्यांनीच भरून काढायची आहे, असे मी मनापासून मानतो.

संगणक शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील मराठी निवेदनाचे पाठ आम्ही एकदा उतरवून ठेवले. हे पाठ छोटे असतात. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ आणि अर्ध्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडून, थांबत थांबत सोबत करत जायचे, अशी त्यांची रचना आहे. लिबरऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखे मोफत सॉफ्टवेअर मुलगी असेच शिकली. मागे पाहिलेल्या लांबलचक ऑनलाइन व्याख्यानांपेक्षा तिला हे अधिक लाभले, कारण इथे हात चालवल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. मराठी टंकनाचा इन्स्क्रिप्ट कळफलक मात्र सुरुवातीचे पंधरा दिवस जड गेला.

खरा त्रास झाला तो जुन्या मराठी दस्तऐवजांचा. एका शिकवणीने दिलेल्या टिपणांच्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे सारखीच दिसावीत यासाठीची युनिकोड ही प्रमाण पद्धत त्यांत नव्हती. तो फॉन्ट नसल्यामुळे त्या लिनक्सवर निरर्थक अक्षरांसारख्या दिसल्या आणि चाळीसएक पाने आम्हाला पुन्हा टंकित करावी लागली. मराठी मजकूर युनिकोडमध्येच दिला गेला पाहिजे, याविषयी माझे मत आता अधिक ठाम झाले आहे. प्रवेशाचे अर्ज आणि निकाल यांसाठी इंटरनेट लागतेच. किविक्स त्याची जागा घेऊ शकत नाही.

विकिपीडियाचा मजकूर आणि स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मुक्त परवान्याखाली असल्यामुळे ते इतरांना देण्यास कोणाची परवानगी मागावी लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरील मुले आता पेनड्राइव्ह आणून देतात. फॅट३२ या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट करून आणावा, एवढेच मी त्यांना सांगतो.