केळीचा हिशोब कुठे ठेवायचा: दुकानातल्या कॉम्प्युटरवर की क्लाउडवर?

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला माझ्या मामेभावाचा केळीचा व्यापार आहे. परवा त्याने विचारलं, "दादा, नवा कॉम्प्युटर घेऊ, की सगळे म्हणतात तसं क्लाउडवर टाकू?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

क्लाउड म्हटलं की ढग डोळ्यांसमोर येतो, पण हे सगळं जमिनीवरच असतं. मोठ्या इमारतींत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांतली जागा आपण इंटरनेटवरून भाड्याने घेतो. केळी पिकवायला आपण रायपनिंग चेंबर, म्हणजे थंड खोली, भाड्याने घेतो तसंच. माल आपला, पण थंडावा, जनरेटर, दुरुस्ती ही सगळी चिंता चेंबरवाल्याची. अॅमेझॉनने हा धंदा २००६ साली सुरू केला आणि २०१६ मध्ये मुंबईतही त्यांची केंद्रं उभी राहिली.

दुकानातल्या कॉम्प्युटरचा मोठा फायदा म्हणजे नेट गेलं तरी काम अडत नाही. पैसे एकदाच मोजायचे, दर महिन्याचं भाडं नाही. पण सगळा हिशोब एकाच डबीत राहतो. एका मे महिन्यात दुपारी आमच्याकडे लाइट झटक्याने गेली, आली, परत गेली. त्यानंतर हार्ड डिस्क टक्‌-टक्‌ असा आवाज करू लागली. दुरुस्तीवाल्याने ती कानाला लावली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. तीन वर्षांच्या नोंदी गेल्या. पावत्यांचे गठ्ठे उघडून वजन, भाव, मजुरी, गाडीभाडं पुन्हा लिहायला दोन महिने लागले.

क्लाउडवर हे भय बरंच कमी, कारण माहितीच्या प्रती एकापेक्षा जास्त ठिकाणी असतात. मुनीम सावद्याला नोंद करतो आणि मालक जळगावला मोबाइलवर ती लगेच बघतो. ज्याचं काम हंगामी आहे त्याला तर हे फारच सोयीचं. जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्याला, कापसाच्या दिवसांत जास्त जागा लागते, पुढे ती सोडून देता येते. स्वतःची मशीन घेतली तर ती बाकीचे महिने नुसती धूळ खाते.

खर्चाचं म्हणाल तर गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळते, पण ती जीमेल आणि फोटोंसाठीही तीच. हिशोबाच्या फाइली त्यात सहज मावतात. जागा खातात ते लग्नाचे व्हिडिओ.

एका गोष्टीत मात्र बरेच जण फसतात. सिंक, म्हणजे कॉम्प्युटरवरची आणि क्लाउडवरची फाइल आपोआप सारखी ठेवायची सोय, चालू असेल तर कॉम्प्युटरवर फाइल पुसली की क्लाउडवरचीही पुसली जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. म्हणून सिंकला बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली वेगळी प्रत, समजू नका.

दुसरं म्हणजे खातं कोणाच्या नंबरवर आहे ते बघा. मुनीमच्या मोबाइलवर ओटीपी येत असेल तर तो काम सोडून गेल्यावर तुमचाच हिशोब उघडायला तुम्हाला त्याच्या विनवण्या कराव्या लागतील.

माझं मत असं: एकच गादी, एकच माणूस, नेट रडतखडत, तर रोजचं काम दुकानातच करा आणि रोज संध्याकाळी तारीख घालून वेगळी प्रत क्लाउडवर चढवा. दोन-तीन ठिकाणांहून नोंदी होत असतील तर सरळ क्लाउडवरच जा, पण महिन्यातून एकदा प्रत पेन ड्राइव्हवर उतरवा आणि ती उघडते का ते बघा.

मामेभावाने जुनाच कॉम्प्युटर ठेवला, इन्व्हर्टर घेतला, आणि खातं आधी स्वतःच्या नंबरवर करून घेतलं.