ड्रायव्हिंग गेम करून ग्राफिक्स शिकायचंय: गोडॉट, थ्री जेएस की थेट वेबजीएल?

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर गाडी पळवायचा साधा गेम करतोय, ग्राफिक्स शिकायला. कशात करू?" मी विचारलं, "गेम हवाय की ग्राफिक्स?" तो म्हणाला, "दोन्ही." घोडं इथेच अडतं.

गेम हवा असेल तर गोडॉट, म्हणजे गेम बनवायचं तयार इंजिन. फुकट आहे आणि 2014 पासून ओपन सोर्स. गाडीसाठी बॉडी आणि चाकांचे तयार नोड (सुटे भाग) मिळतात. इंजिनाचा जोर आणि स्टिअरिंगचे आकडे भरले की संध्याकाळपर्यंत गाडी धावायला लागते. जुन्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट उघडताना 'कम्पॅटिबिलिटी' हा हलका रेंडरर (चित्र काढणारा भाग) निवडायचा, नाहीतर पंखा घोंघावत बसतो. पण सावली हवी म्हणून दिव्याच्या खिडकीत एक टिक केली आणि सावली पडली, यात सावली कशी पडते ते कुठे कळलं? शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर आकार आणि रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम, इथेही लिहिता येतात, पण सगळं आयतं मिळत असताना लिहायला बसणारा विरळा.

थ्री जेएस ही ब्राउझरमधल्या थ्री-डीसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे दोन्हींच्या मधला मार्ग. कॅमेरा, दिवे, मॉडेल लोड करणं तयार, शेडर मात्र हवा तिथे स्वतःचा. गाडीचं फिजिक्स सोबत येत नाही. या कामाला ते लागतही नाही. वेग गुणिले वेळ आणि वळणाचा कोन, एवढ्यावर गाडी चालते. शिवाय लिंक व्हॉट्सअॅपवर टाकली की मित्र फोनवरच खेळतात, हा मोह मोठा आहे.

थेट वेबजीएल, म्हणजे ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्डाशी सरळ बोलायची सोय, घेतलं तर पहिल्या त्रिकोणासाठीच पानभर कोड. चुकलं की बऱ्याचदा नुसता काळा पडदा, एरर नाही की काही नाही. तरीही शिकायला मी हेच सांगेन, आणि त्याचं कारण रस्ता.

मी केला तेव्हा डांबराच्या एक मिलिमीटर वर पांढरे पट्टे ठेवले होते. जवळचे नीट दिसायचे, लांबचे ट्यूबलाइटसारखे लुकलुकायचे. दोन दिवस पट्ट्यांमध्येच चूक शोधत बसलो. चूक होती कॅमेऱ्याच्या नियर प्लेनमध्ये, म्हणजे ज्याच्या अलीकडचं काही काढलं जात नाही त्या अंतरात. ते मी 0.01 मीटरवर ठेवलं होतं. डेप्थ बफरची (कुठली वस्तू पुढे, कुठली मागे हे ठरवायला प्रत्येक ठिपक्याचं अंतर ठेवणारी जागा) अचूकता अंतरावर सारखी वाटलेली नसते, बहुतेक सगळी जवळच खर्च होते. 24 बिटांचा बफर धरला तर 100 मीटरवर त्याची एक पायरी जवळपास 6 सेंटीमीटरची होते. मग एक मिलिमीटर वरचा पट्टा डांबराहून वेगळा ओळखू कसा येणार? नियर 0.5 केलं, पायरी मिलिमीटरवर आली, लुकलुक थांबली. हा आकडा गोडॉटमध्ये आणि थ्री जेएसमध्येही आहेच, पण तिथे तो एक रकाना असतो. इथे थ्री-डी जागा पडद्यावर आणणारा मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) आपणच मांडलेला असतो, म्हणून बिघडलं का ते उमगतं.

पट्टे झाले की डांबर. लांबच्या खडीचे ठिपके वळवळतात, म्हणून मिपमॅप, म्हणजे चित्राच्या आधीच लहान केलेल्या प्रती, लावायचे. ते लावले की रस्ता थोड्याच अंतरावर राखाडी लापशी होतो, कारण आपण त्याकडे अगदी तिरकं बघत असतो. मग अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग, म्हणजे तिरक्या दिशेने जास्त नमुने घेणं. चाकापासून क्षितिजापर्यंत एकच सपाट पृष्ठभाग असल्यामुळे हे सगळे प्रश्न ओळीने समोर येतात. खोलीत फिरणाऱ्या गेममध्ये असे येत नाहीत.

भाच्याला मात्र वेबजीएलच्या आधी दोन दिवसांचं वेगळंच काम दिलं. साधा टू-डी कॅनव्हास घ्यायचा आणि 1982 चा पोल पोझिशन किंवा 1986 चा आउट रन या जुन्या रेसिंग गेमसारखा खोटा थ्री-डी रस्ता करायचा. त्यात पॉलिगॉन (त्रिकोण-चौकोनांचे थ्री-डी आकार) नाहीत. पडद्याच्या प्रत्येक आडव्या ओळीवर रस्ता किती रुंद आणि कुठे सरकवायचा, एवढंच. रुंदी भागिले अंतर. पर्स्पेक्टिव्हचं सगळं गणित या एका भागाकारात आहे, आणि तो हाताने केल्यावर पुढचा मॅट्रिक्स भीती घालत नाही. कॉलेजात प्रोजेक्टची तारीख महिन्यावर आली असेल, तर यानंतर वेबजीएल सोडून थ्री जेएस घ्यावं.

परवा त्याने व्हिडिओ पाठवला. रस्ता झकास वळतोय, पण डावीकडचा अंजनेरीचा डोंगर विजेच्या खांबांच्या वेगाने मागे पळतोय. मी लिहिलं, "डोंगराला अंतराने भागायचा राहिलास." उत्तर आलं, "मामा, भागलंय. अंतर मीटरऐवजी किलोमीटरमध्ये दिलं."