नर्फ की थेट वाइल्डमध्ये रवानगी?

हर्थस्टोन हा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या आमच्या बजाजनगरच्या टोळक्यात तर्री-पोह्यांवर हा वाद नेहमीचाच: डोक्याला ताप झालेलं कार्ड कमजोर करावं, म्हणजे नर्फ, की स्टँडर्डमधून (अलीकडच्या कार्डांचा प्रकार) निवृत्त करून वाइल्डमध्ये (जुनी-नवी सगळी कार्डं चालणारा प्रकार) धाडावं?

कमजोर केलेलं कार्ड हाताशी राहतं, पण बरेचदा नावापुरतंच. मोल्टन जायंटचंच बघा. आपल्या हिरोला जितका मार बसेल, तितका हा स्वस्त. २०१६ मध्ये त्याची मूळ किंमत २० वरून २५ माना (कार्ड खेळायला खर्चावी लागणारी शक्ती) केली आणि गड्याला कोणी विचारेना. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फक्त वाइल्डपुरता, धाडताना ती पुन्हा २० केली. निवृत्त झाल्यावर जुनी ताकद परत!

त्याच वर्षी आइस ब्लॉकही गेला. समोरच्याला संपवणारा घाव घालावा, तर तो बर्फात सुखरूप; पुढे त्याचा दुसरा ब्लॉक तयारच. असल्या कार्डाला कमजोर तरी काय करणार? ते एक तर जीव वाचवतं, नाही तर नाही.

डस्टचा, म्हणजे नवी कार्डं बनवायला लागणाऱ्या खेळातल्या चलनाचा, हिशेबही निवृत्तीच्याच बाजूने. नर्फनंतर पूर्ण डस्ट हवी तर कार्ड मोडा. हॉल ऑफ फेमच्या वेळी मात्र डस्टही मिळाली, कार्डही राहिलं.

तरी नव्या संचातलं कार्ड आल्या आल्या डोईजड झालं, तर नर्फच बरा. हॉल ऑफ फेम २०२१ मध्ये बंद होईपर्यंत त्याचा मुहूर्त वर्षातून एकदाच यायचा. "तोवर रोज हरत राहू का बे?" हा आमच्यातल्या एकाचा प्रश्न रास्तच होता.