चेसिसला तडा गेला असेल तर नागपूरजवळच्या वाडीतल्या या शेडमध्ये दाखवा (अनुभव जरा मोठा आहे)

चेसिसचं काम करून गाडी आणली त्याला आज पाच आठवडे झाले, मधल्या काळात कन्हानच्या रेतीत एकदा आणि उमरेडकडे मित्राच्या शेतात भर चिखलात दोनदा नेऊन झाली, आता लिहायला हरकत नाही म्हणून लिहून राहिलो. पाचपैकी साडेचार स्टार देतो, अर्धा का कापला ते खाली येईलच.

गाडी २००८ची, लॅडर चेसिसवाली (खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा), पुढेमागे दोन्हीकडे कमानी (पट्ट्यांचे स्प्रिंग), फोर बाय फोर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण हा आजार एका कंपनीचा नाही, मोठे टायर लावून, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (फसलेली गाडी ओढायचं यंत्र) टांगून खड्ड्याखुड्ड्यात चालवली की कोणत्याही गाडीला होऊ शकतो. माझ्या गाडीवर हे तिन्ही आहे.

सुरुवात मागच्या वर्षी झाली. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की उजव्या बाजूनं कर्र असा आवाज यायचा आणि रस्त्यावर हलका प्ले, म्हणजे स्टीअरिंगमध्ये ढिलेपणा, जाणवायचा. एका गॅरेजवाल्यानं टाय रॉड एंड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणारे सांधे) बदलले, आवाज तसाच. मग खाली झोपून पाहिलं तेव्हा स्टीअरिंग बॉक्सच्या (स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी, चेसिसला बोल्टनं बसवलेली पेटी) खालच्या बोल्टपासून एक बारीक तपकिरी रेघ निघालेली दिसली. ती रेघ म्हणजे गंज, तडा उघडझाप करतो, त्यात पाणी जातं आणि पेंटच्या वरून गंजाचं पाणी पाझरतं. त्याच गॅरेजवाल्यानं तासाभरात वरच्या वर वेल्डिंग फिरवली, त्यावर एक चौकोनी पट्टी ठोकली, काळा पेंट मारला, झालं काम. चार महिन्यांत पट्टीच्या उभ्या कडेनं नवीन तडा गेला, अगदी वेल्डिंगच्या टाक्याला लागून. राग पैशाचा नाही आला, भीती याची वाटली की स्टीअरिंग बॉक्स ज्या लोखंडावर उभा आहे तेच फाटून राहिलं होतं आणि मी घरच्यांना घेऊन रामटेकला जाऊन आलो होतो त्याच गाडीत.

मग ट्रान्सपोर्टमधल्या एका ओळखीच्यांनी या शेडमध्ये पाठवलं. मुख्य काम ट्रकच्या चेसिसचं आणि ट्रॉल्यांचं, बोर्ड नाही, बाहेर नेहमी दोनतीन ट्रक उभे. शेडवाल्या काकांनी गाडी पाहिली आणि पहिलं वाक्य, "भाऊ, आधी धुवून आणा, मातीवर कोणी वेल्डिंग करत नसते." खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटलं, पण कामठी रोडला प्रेशरनं धुतली तेव्हा चेसिसच्या आतून घमेलंभर काळी माती निघाली. आपल्याकडची काळी माती आत बसली की लवकर सुकत नाही, ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खाते, बाहेरून पेंट चकाचक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जी तपासणी केली ती प्रत्येकानं घरी करावी अशी आहे. गाडी चालू ठेवून एकाला स्टीअरिंग डावीकडे उजवीकडे फिरवायला लावलं आणि स्वतः टॉर्च घेऊन बॉक्सकडे पाहत बसले. चेसिस चक्क हलत होती! बॉक्स बाहेर ढकलला जायचा आणि तडा उघडायचा, उलट फिरवलं की मिटायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि पोटात गोळा आला. नंतर तीन स्प्रे काढले, आधी क्लीनर, मग लाल रंग, दहा मिनिटं थांबून लाल पुसून घेतला आणि वरून पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ आपोआप उमटत गेली. मला दोन इंच दिसत होता तो तडा जवळपास चार इंच निघाला, आणि पुढच्या कमानीच्या हँगरजवळ (कमान चेसिसला जिथे टांगते तिथे) दुसरा, नखाएवढा, जो कोणालाच दिसला नव्हता. काका आधी कोराडीच्या पॉवर स्टेशनला ठेकेदाराकडे वेल्डर होते, ही सवय तिथली. गाडीच्या गॅरेजमध्ये मी हे स्प्रे पहिल्यांदाच पाहिले.

आता मुख्य गोष्ट. मी विचारलं किती तासांत भरून द्याल, तर म्हणाले, "तडा भरून काय होते? का गेला ते पहा आधी." आणि खरंच अर्धा दिवस फक्त कारण शोधण्यात घालवला. एक, बॉक्सचे बोल्ट ढिले, मोठे टायर जागेवर फिरवले की सगळा जोर त्या चार भोकांवर. दोन, कमानीचे रबरी बुश संपलेले, त्यामुळे दणका रबरानं खायचा तो थेट हँगरला. तीन, आणि हे सगळ्यात वाईट, माझ्या आधीच्या मालकानं बंपर लावताना चॅनेलच्या, म्हणजे चेसिसच्या लांब बाजूच्या लोखंडाच्या, खालच्या पट्टीत भोकं पाडली होती. काकांनी खडूनं फरशीवर चॅनेल काढून समजावलं की चेसिस वाकते तेव्हा जास्तीत जास्त ताण वरच्या आणि खालच्या पट्टीवर येतो, मधल्या उभ्या भागावर कमी, म्हणून कंपनी भोकं मध्ये पाडते आणि आपण मात्र सोयीचं दिसलं की खाली ड्रिल लावतो. भोकाच्या कडेला ताण गोळा होतो, तिथून तडा चालू होतो, आणि ऑफरोडला एक चाक वर एक खाली असलं की चेसिस पिळली जाते, हजारो वेळा पिळली गेली की लोखंड थकतं. एका मोठ्या दणक्यानं तुटत नाही, हळूहळू थकून तुटतं. जुन्या पट्टीचंही तेच, उभा सरळ टाका मारला की जिथे जाड पट्टी संपून पातळ चेसिस सुरू होते तिथे सगळा ताण एका रेषेत, वर वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं लोखंड बदललेलं.

काम असं केलं: बॅटरीचे टर्मिनल काढले, ब्रेक पाइप आणि वायरिंग बाजूला बांधलं, स्टीअरिंग बॉक्स पूर्ण उतरवला, चेसिस नंबर आधी कागदावर घेऊन त्यावर टेप लावली म्हणजे ग्राइंडर चुकूनही लागायला नको (आरटीओत नंबर पुसट दिसला तर काय होतं ते जुन्या गाडीवाल्यांना माहीत आहे). जुनी पट्टी कापून काढली. दोन्ही तड्यांच्या टोकाला ड्रिलनं बारीक भोक मारलं, टोक गोल झालं की तडा पुढे धावत नाही, आणि हे भोक डोळ्याला टोक दिसतं तिथे नाही तर लाल रेघ जिथे संपली तिथे. मग ग्राइंडरनं पूर्ण जाडीपर्यंत व्हीसारखी खाच केली आणि आतून भरत आणलं. वेल्डिंगचे रॉड ७०१८ नंबरचे, तेही गरम डब्यातून एकेक काढून, कारण ते ओल धरतात आणि ओला रॉड वापरला की टाक्यातच पुन्हा तडा. आधीच्या गॅरेजवाल्यानं साधा ६०१३ नंबरचा वापरला होता, त्याचा वितळा खोल जात नाही, वरवर बसतो. थोडं थोडं वेल्डिंग करायचे, थंड होऊ द्यायचे, पाणी कधीच मारलं नाही. हेल्परनं एकदा बादली आणली तर असे ओरडले की मीच दचकलो.

वरून प्लेट बसवली ती चौकोनी नाही, पतंगाच्या आकाराची, कोपरे गोल, वरच्या खालच्या पट्टीवर आडवा टाका एकही नाही. बॉक्सच्या बोल्टसाठी चॅनेलच्या आत जाड पाइपचे तुकडे टाकले म्हणजे बोल्ट आवळला की चॅनेल दबत नाही. बंपरची जुनी भोकं भरून घासली आणि बंपर मधल्या उभ्या भागातल्या कंपनीच्याच भोकांवर घेतला. बुश नवीन. शेवटी झिंक प्रायमर, पेंट आणि आतून अँटीरस्ट वॅक्स. मी म्हटलं जुनं इंजिन ऑइल ओतू का, बरेच लोक ओततात, तर नको म्हणाले, रबराचे बुश खराब होतात.

एकूण १८,५०० रुपये झाले, त्यात बुश आणि अलाइनमेंट धरून. स्वस्त नाही. पण आधीच्या पट्टीचे पैसे पाण्यात गेलेच होते.

अर्धा स्टार कापला तो वेळेसाठी. तीन दिवस सांगितले आणि सहा लागले, मध्ये ट्रकचं अर्जंट काम आलं की आपली गाडी बाजूला, आणि फोन करून कळवत नाहीत, आपणच जाऊन पाहायचं. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली दोन तास बसणं म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. पक्कं बिल मागून घ्यावं लागलं. फोटो मी स्वतः काढले, तुम्हीही काढा, विशेषतः लाल रेघ उमटते तेव्हाचा.

आता स्टीअरिंगचा आवाज पूर्ण गेला, प्ले गेला, आणि दर ट्रिपनंतर धुवून मी टॉर्च घेऊन खाली झोपतो. ५०० किलोमीटरला बोल्ट पुन्हा टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळून, तपासून घ्यायला बोलावलं होतं, ते मागच्या रविवारी झालं, एकच बोल्ट किंचित फिरला, पैसे घेतले नाहीत.

जायचं असेल तर अमरावती रोडनं वाडीत शिरा, कमानीवाल्यांची दुकानं लागली की कोणालाही चेसिसवाले काका विचारा. सोमवारी गर्दी असते. आणि गाडी आधी धुवून न्या, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.