वायफाय सेन्सरला वीज: मोबाईलचा चार्जर की लिथियम सेल?

खानापूरच्या पावसात टाकीतील पाण्याची पातळी कळवणारा ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घराजवळच बसवायचा असेल, तर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा ५ व्होल्टचा चार्जर निःसंशय बरा, कारण २३० व्होल्ट घरातच राहतात आणि बाहेरच्या डब्यात फक्त ५ व्होल्टची केबल जाते. तिला डब्याच्या भोकाखाली झोल द्यावा, म्हणजे पाणी आत न शिरता तिथूनच गळते.

१८६५० हा गोल लिथियम सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो, म्हणून ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टच्या पिनला तो थेट जोडू नये. व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर हवाच, आणि संरक्षक सर्किट नसल्यास शॉर्ट होऊन आगही लागू शकते. जुन्या लॅपटॉपमधले सेल स्वस्त पडतात खरे, पण ते नकोतच. वीज न पोहोचलेल्या शेतात मात्र सेललाच पसंती द्यावी लागते. तिथे डबा सावलीत ठेवावा.

डबा दोन्हींसाठी प्लास्टिकचाच घ्यावा, पत्रा सिग्नल अडवतो.