जुन्या कॅसेट डिजिटल करायच्या असतील तर इंदूरच्या जेल रोडवरच्या या छोट्या दुकानात डोळे झाकून जा

आमचे काका म्हणजे मालवा हाऊसच्या, म्हणजे इंदूर आकाशवाणीच्या, रेडिओ नाटकांतले कायमचे मुनीमजी, हवालदार नाहीतर म्हातारे सासरे. हे केंद्र 1955 चं, काका नंतर तिथे जायला लागले, गणपतीतल्या नाटकांत स्टेजवर पण तेच, आणि इकडे शूटिंग आलं की सिनेमात दोन मिनिटांचा रोल. हीरो कधीच नाही, पण आवाजावरून लोक ओळखायचे. रेडिओवरून टेप केलेल्या सी-90 कॅसेट घरी पडून होत्या, आवाज अगदी दबलेला. दुकानातल्या भैयांनी एकीचं निघालेलं प्रेशर पॅड (टेप दाबून धरणारा छोटा तुकडा) बदललं, मग प्लेअरमधल्या टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू जरा जरा फिरवत राहिले आणि एकदम 'स', 'श' स्वच्छ ऐकू आले! एक बाजू 45 मिनिटांची म्हणजे तेवढा वेळ लागणारच, फास्ट कॉपी ते करत नाहीत आणि बरोबरच आहे ते. खरखर पूर्ण काढली तर श्वास पण जाईल म्हणाले, आणि खरंच, खोकल्याआधी काका जो दम घेतात ना, त्यातच तो म्हातारा उभा राहतो. पार्किंग मिळत नाही, संध्याकाळी जाऊ नका. एमपी-थ्रीसोबत वेव्ह फाइल (आवाजातलं काही न गाळलेली) पण मागून घ्या.