प्रागमध्ये युरो बदलताना: पाटीवरचा आकडा आणि हातात पडणारे कोरुना

जर्मनीत ड्रेस्डेन, लाइपझिगच्या बाजूला शिकवायला आलेल्या मराठी मंडळींची पहिली शनिवार-रविवारची सहल बहुतेक वेळा प्रागची असते. ड्रेस्डेनहून थेट गाडी आहे, साधारण अडीच तास लागतात. चेकिया (चेक प्रजासत्ताक) २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, असल्यामुळे जर्मनीच्या निवास परवान्यावर जाता येतं, फक्त परवान्यासोबत मूळ पासपोर्ट जवळ लागतो. एवढ्या सोप्या प्रवासात एक गोष्ट हमखास विसरली जाते. चेकिया २००४ पासून युरोपीय संघात असली तरी तिथे युरो नाही, कोरुना चालतो. प्रागमध्ये पर्यटकांचे पैसे जातात ते फक्त खिसेकापूंमुळे नाही, तर युरोचे कोरुना करण्याच्या त्या दीड-दोन मिनिटांतही. आणि त्यातले बरेचसे कायद्याच्या चौकटीत राहून घेतले जातात. म्हणूनच याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

मुळात रोख लागतेच का? प्रागमध्ये दुकानं, हॉटेलं, संग्रहालयं, एवढंच काय ट्रामसुद्धा कार्ड घेते. पण जर्मनीत नवीन आलेल्यांकडे अनेकदा नुसतं गिरोकार्ड, म्हणजे जर्मन बँकांचं देशांतर्गत डेबिट कार्ड असतं. पूर्वी त्यावर मास्टरकार्डच्या मेस्त्रोची सोय असायची, म्हणून ते बाहेर चालायचं. जुलै २०२३ पासून नवी मेस्त्रो कार्डं देणं बंद झालं. नुसतं गिरोकार्ड जर्मनीबाहेर चालेलच असं नाही. हे प्रागच्या मुख्य स्टेशनवर उतरल्यावर लक्षात येतं, खिशात शंभर-दोनशे युरो असतात आणि समोरच 'एक्स्चेंज, झिरो कमिशन' अशी पाटी चमकत असते. निघण्याआधीच व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड मागवून घेतलं, तर पुढचे निम्मे धोके उरतच नाहीत.

आता पाटी कशी वाचायची ते. 'झिरो कमिशन' हे खरं असतं, वेगळं कमिशन कोणी कापत नाही. कमाई दरातच काढलेली असते. पाटीवर दोन रकाने असतात. चेकमध्ये 'नाकुप' म्हणजे खरेदी आणि 'प्रोदेय' म्हणजे विक्री. इंग्रजीत 'वी बाय' आणि 'वी सेल'. दोन्ही शब्द दुकानाच्या बाजूचे आहेत. तुमच्या हातात युरो आहेत, ते दुकान विकत घेणार, म्हणून तुमच्या कामाचा रकाना 'वी बाय'चा. नजर मात्र जाते ती मोठ्या आकड्यावर, आणि तो विक्रीचा असू शकतो. बँकेचा दर २५ च्या आसपास असताना विक्रीला २५ आणि खरेदीला १७ असा फरक ठेवणारी दुकानं होती. मोठ्या रकमेसाठीचा चांगला दर ठळक लिहून सामान्य गिऱ्हाइकाचा दर बारीक अक्षरात टाकायचा, ही युक्तीसुद्धा वर्षानुवर्षं चालली.

हिशोब करून पाहा. २०० युरो, २५ च्या दराने ५,००० कोरुना. १७ च्या दराने ३,४००. फरक १,६०० कोरुनांचा, म्हणजे ६४ युरो, आपले साधारण सहा हजार रुपये. सहलीचं येण्याजाण्याचं भाडं एका खिडकीवर जातं. आणि हे गिऱ्हाइकाला कळतं कधी? तर पहिल्या जेवणाचं बिल देताना, मनातल्या मनात भाग लावताना.

यावर उपाय एकच, खरा दर आधी माहीत असणं. चेक नॅशनल बँक कामकाजाच्या दिवशी दुपारी अडीचनंतर त्या दिवसाचे दर जाहीर करते, आणि शुक्रवारचा दर शनिवार-रविवारी लागू राहतो. शनिवार-रविवारच्या प्रवाशासाठी ही सोयीची गोष्ट आहे. शुक्रवारी दुपारी बँकेच्या संकेतस्थळावरचा युरोचा आकडा पाहायचा, फोनवर त्याचा फोटो ठेवायचा. खिडकीवर मिळणारा दर त्याच्यापेक्षा एक-दोन टक्क्यांनी कमी असेल तर व्यवहार ठीक. पाच टक्के कमी असेल तर दुसरं दुकान शोधा. फरक दहा टक्क्यांच्या वर असेल तर त्या दुकानाशी बोलूसुद्धा नका. चार्ल्स पुलापासून जुन्या शहराच्या चौकापर्यंतचा कार्लोव्हा रस्ता, विमानतळ आणि स्टेशन या तीन ठिकाणी विशेष जपावं, कारण तिथे आलेल्या माणसाला घाई असते आणि दुकानाला ते माहीत असतं.

खिडकीवर क्रम असा ठेवा. नोटा हातातच ठेवून विचारा, "दोनशे युरोचे नेमके किती कोरुना?" आकडा तोंडी नको, लिहून किंवा स्क्रीनवर दाखवायला सांगा. ही माहिती आधी देणं तिथल्या दुकानावर बंधनकारक आहे. तो आकडा २०० ने भागा. फोटोतल्या दराशी जमला तरच नोटा खिडकीखालून आत सरकवा. एकदा नोटा पलीकडे गेल्या की मशीनमधून पावती निघते आणि 'आता व्यवहार झाला' असं उत्तर मिळतं.

पण व्यवहार झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही, आणि हा भाग फार थोड्यांना ठाऊक आहे. चेकियाच्या २०१३ सालच्या २७७ क्रमांकाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१९ पासून गिऱ्हाइकाला तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. कारण द्यावं लागत नाही, शुल्क लागत नाही. अट रकमेची आहे, १,००० युरोंइतक्या किमतीपर्यंतच.

त्यासाठी तीन गोष्टी सांभाळा. पहिली, पावती. तिच्यावर वेळ छापलेली असते आणि तीन तास तिथून मोजले जातात. घडी करून पाकिटात ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं पुसट होतात, म्हणून लगेच फोटोही काढा. दुसरी, पैसे. मिळालेले सगळे कोरुना परत द्यायचे असतात, म्हणून दराची खात्री होईपर्यंत त्यातून कॉफीसुद्धा घेऊ नका. तिसरी, जागा. ज्या दुकानात बदलले त्याच दुकानात जा, आणि आत जाताच "स्तोर्नो, प्रोसीम" म्हणा, म्हणजे 'रद्द करा, कृपया'. रात्री उशिरा पैसे बदलू नयेत ते यासाठीच. दुकान बंद झालं तर हक्क बजावायला दार बडवून उपयोग नाही.

इथे काय बिनसतं? काउंटरवरचा माणूस 'नाही' म्हणत नाही. तो म्हणतो मॅनेजर बाहेर गेलेत, अर्ध्या तासाने या. किंवा कॉम्प्युटर बंद आहे, उद्या या. हेतू एवढाच, की तीन तास उलटावेत. तिथून हलायचं नाही. पावतीवरच्या वेळेवर बोट ठेवायचं, पाटीचा फोटो काढायचा, आणि शांतपणे सांगायचं की पोलिसांना फोन करतोय. पोलिसांचा नंबर १५८. भांडायची, आवाज चढवायची गरज नाही. कायदा माहीत असलेलं गिऱ्हाईक समोर आहे हे कळलं, की गाडी रुळावर यायची शक्यता बरीच वाढते.

दुकान टाळून एटीएमकडे वळलात तरी सावध राहा. जुन्या शहरात दर पन्नास पावलांवर एक एटीएम दिसतं, पण त्यातली बरीच कोणत्याही बँकेच्या शाखेला जोडलेली नसतात. त्यांची स्क्रीन तीन ठिकाणी अडकवते. एक, रकमेचे तयार पर्याय मोठे असतात, दहा हजार किंवा त्याहून जास्त. लहान रक्कम हवी तर 'अदर अमाउंट' शोधावं लागतं. दोन, यंत्राचं स्वतःचं शुल्क, ते एका ओळीत येतं आणि जातं. तीन, आणि हेच सगळ्यात महाग, चलनाचं रूपांतर. यंत्र म्हणतं, तुमच्या खात्यातून नेमके इतके युरो जातील, मान्य? खाली दोन बटणं: 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन' आणि 'डिक्लाइन कन्व्हर्जन'. डिक्लाइन दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटून माणूस ॲक्सेप्ट दाबतो. तसं काही होत नाही. डिक्लाइन दाबल्यावर व्यवहार कोरुनांत पुढे चालू राहतो, नोटा बाहेर येतात आणि दर तुमची बँक व कार्डकंपनी लावते. काही यंत्रं डिक्लाइननंतर आणखी एकदा विचारतात. दुसऱ्यांदाही डिक्लाइनच.

समजा ५,००० कोरुना काढले. २५ च्या दराने २०० युरो जायला हवेत. यंत्राचा दर २२ असेल तर २२७ युरो जातात. युरोपातल्या बँकेचं कार्ड असेल, तर हे रूपांतर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्क्यांनी महाग आहे ते दाखवणं एप्रिल २०२० पासून सक्तीचं आहे. स्क्रीनवर ती टक्केवारी बारीक अक्षरात असते. ती वाचायला पाच सेकंद लागतात. रोख हवीच असेल तर चेस्का स्पोर्झितेल्ना किंवा कोमेर्च्नी बांका अशा बँकेच्या शाखेतलं यंत्र गाठा. शुल्क आणि रूपांतराचा प्रश्न तिथेही येऊ शकतो, उत्तर तेच.

हॉटेल आणि दुकानातल्या कार्ड मशीनवरही 'युरो की कोरुना' असं विचारतात. कधी वेटर स्वतःच युरो दाबून मशीन पुढे करतो. अशा वेळी रद्द करून पुन्हा करायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सुट्टीत आई-बाबा किंवा सासूसासरे आले असतील, तर हे त्यांना आधीच समजावून द्या. त्यांच्याकडे भारतातलं कार्ड असतं, मशीन रुपयांत आकडा दाखवतं, आणि ओळखीचा रुपया दिसला की माणसाला हायसं वाटतं. तिथेही कोरुनाच निवडायचा. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर कोरुनांत खर्च करताना वेगळं शुल्क लागू शकतं, ते त्यांच्या बँकेकडून निघण्याआधी विचारून घ्यावं.

आता सरळसरळ चोरीचा प्रकार. तुम्ही दुकानाबाहेर पाटी वाचत उभे असता. चांगल्या कपड्यांतला माणूस जवळ येतो, "इथे नका बदलू, हे लुटतात, मी जास्त देतो" म्हणतो. त्याचं पहिलं वाक्य खरं असल्यामुळे दुसऱ्यावरही विश्वास बसतो. तो नोटा समोर मोजतो, घडी करून हातात देतो, आणि 'पोलीस येतायत' म्हणत निघून जातो. घडी उघडली की आत बेलारूसच्या, हंगेरीच्या किंवा बल्गेरियाच्या जुन्या नोटा. बेलारूसने २०१६ मध्ये १०,००० जुन्या रुबलांचा एक नवा केला, बल्गेरियाने १९९९ मध्ये १,००० जुन्या लेव्हांचा एक; त्या जुन्या नोटा आज नुसते कागद आहेत. हंगेरीची हजाराची नोट खरी असली तरी तिची किंमत अडीच युरोंच्या आसपास, आणि चेक हजाराची चाळीस.

ओळखायची खूण सोपी आहे. चेक भाषा रोमन लिपीत लिहितात. नोटेवर रशियनसारखी अक्षरं असतील तर ती चेक नोट नाही. खऱ्या नोटेवर 'चेस्का नारोद्नी बांका' आणि 'कोरुन चेस्कीख' हे शब्द असतात. चेहरे लक्षात ठेवा: शंभरवर राजा चार्ल्स चौथा, दोनशेवर शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की (शिक्षकांना हा चेहरा विसरायला होणार नाही), पाचशेवर लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हा, हजारवर इतिहासकार पालात्स्की, दोन हजारवर गायिका एमा देस्तिनोव्हा, पाच हजारवर चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक. पण खरं सांगायचं तर हे ओळखायची वेळच येऊ देऊ नये. रस्त्यावर पैसे बदलणाऱ्याकडे परवाना नसतो, त्यामुळे तीन तासांचा कायदा तिथे कामाचा नाही.

याच खेळाचा पुढचा अंक म्हणजे साध्या कपड्यांतले 'पोलीस'. बनावट नोटा तपासायच्या म्हणून ते पाकीट मागतात. पाकीट द्यायचं नाही. "ठाण्यात चला, तिथे दाखवतो" म्हणायचं आणि १५८ लावायचा. पासपोर्ट आणि निवास परवाना त्या पाकिटात ठेवूच नये. सोमवारी वर्गावर हजर व्हायचं असतं आणि परवाना हरवला तर पुढचे अनेक आठवडे कार्यालयांच्या खेपांत जातात.

बाकीचं थोडक्यात. जुन्या शहराच्या चौकात भाजलेल्या हॅमचा भाव १०० ग्रॅमला लिहिलेला असतो, ताटलीत मात्र तीनशे-चारशे ग्रॅम पडतं. कापण्याआधीच "देसेत देका" म्हणा. चेक लोक दहा ग्रॅमला 'देका' म्हणतात, म्हणजे दहा देका शंभर ग्रॅम. आणि काटा बघा. मेट्रोचं कागदी तिकीट नुसतं घेऊन चालत नाही, आत शिरताना पिवळ्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. ट्राममधल्या नारिंगी यंत्रावर कार्डाने घेतलेलं तिकीट छापलेलंच येतं. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, पण धातूचा बिल्ला दाखवतात; दंड भरावा लागलाच तर पावती घ्या. २२ नंबरच्या ट्राममध्ये खिसेकापूंपासून जपायला पाठीवरची सॅक पुढे घ्या.

फसवणूक झालीच तर त्याच दिवशी नोंद करा, घरी परतल्यावर नको. 'युंगमान चौक ९' या पत्त्यावरच्या पोलीस ठाण्यात परदेशी लोकांच्या तक्रारी घेतात. पैसे बदलणाऱ्या दुकानांवर देखरेख चेक नॅशनल बँकेची असते, तिच्याकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि दंड करायचा अधिकारही तिला आहे. तक्रारीला जोडायला पावतीचा फोटो, दरांच्या पाटीचा फोटो, दुकानाचा पत्ता, आणि रद्द करायला गेल्याची वेळ व तिथे मिळालेलं उत्तर एवढं लागेल. उत्तर शब्दशः लिहून ठेवा, खिडकीसमोर उभं असतानाच.